खोक्यावर ठेवलेला बोर्ड

रामलिंगअण्णांच्या घरी मी चार वेळा मशीन दुरुस्त करायला गेले. चौथ्या वेळी दोष सापडला, आणि तो मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितला. तेवढा एक दिवस मी मुकी असते तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

मी महामाया. देगलूरच्या बसस्टँडमागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला बारा वर्षं झाली. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. आई म्हणते, तुझ्या हातातल्या कसबाच्या निम्मा ताबा तोंडावर असता तर तू नांदेडात दुकान टाकलं असतंस. पण जित्याची खोड.

रामलिंगअण्णांचं बियाण्या-खताचं दुकान बाजाररस्त्यावर आहे आणि दुकानाच्या मागंच घर. मधल्या खोलीत कॉम्प्युटर होता, त्याच्यावर बिलं करायचं काम सुनेकडं. रुद्राणी तिचं नाव, माहेर लातूरचं, शिकलेली. पुढं काउंटरवर मात्र ती कधी दिसायची नाही. मेच्या अखेरीला वीज कडाडली आणि त्यांच्या मशीनचा मदरबोर्ड, आमच्या भाषेत नुसता बोर्ड, जळाला, तेव्हा अण्णांनी मला बोलावलं. बाजारात दुरुस्तीवाले आणखी तिघं आहेत. पण मशीन घरात, सून घरात, म्हणून बाई मेकॅनिक पाहिजे होती. नाहीतर माझ्या उंबऱ्याला ती माणसं कशाला आली असती?

मी नवा बोर्ड बसवला, मशीन चालू करून दाखवलं. अण्णांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, मला चहा दिला तो कागदाच्या कपात. घरातल्यांचा चहा स्टीलच्या कपातून चालला होता. हे मला नवीन नाही, पण नवीन नसलं म्हणून झोंबत नाही असं थोडंच आहे? चहा अर्धा टाकून मी उठले.

चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. "बाई, तुमचं नवं मशीन मेलं की ओ."

मी गेले. पंखे फिरत होते, पण पडदा काळा. उघडून बघितलं तर रॅमची पट्टी एका बाजूनं वर आली होती. खोडरबरानं पुसून नीट दाबली, मशीन चालू झालं. माझ्याच हातून ढिली राहिली असेल असं मनाला समजावलं, पण खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. मी पट्टी दाबते तेव्हा दोन्ही बाजूंनी टक आवाज आल्याशिवाय हात काढत नाही.

रुद्राणी माझ्या शेजारी बॅटरी धरून उभी होती. केवळाबाई दारातच तूर निवडत बसल्या होत्या, त्यांची मान सुपात आणि कान आमच्याकडं.

"अक्का, परत बिघडलं तर काय करता?" रुद्राणीनं विचारलं.

"परत कामून बिघडंल?" मी फणकारले. "बिघडलंच तर दुकानात न्यावं लागंल. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढायचा, त्याच्याच खोक्यावर ठेवायचा आन तसाच उघड्यावर चालवून बघायचा. म्हंजे दोष बोर्डात हाय का कॅबिनेटात, ते कळतं."

"म्हंजे खोकं लागतंच," ती म्हणाली. तिनं ते दोनदा म्हटलं.

आठवड्यानं मशीन पुन्हा बंद पडलं. तसेच पंखे फिरायचे, तसाच काळा पडदा. पेरणीचे दिवस, पुढं सोयाबीनच्या बॅगांसाठी ही गर्दी, आणि अण्णा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नवं म्हनून जुनं गळ्यात मारलं वाटतं बाईनं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, दुकानात नेते, उद्या आणून देते.

त्या दिवशी चहा रुद्राणीनं आणला, स्टीलच्या कपात. केवळाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की मलाच घोट गिळवेना. मग तिनं बोर्डाचं खोकं माझ्या हातात दिलं. "अक्का, खोकं तेवढं उघडून बघा हं. वॉरंटीचा कागद आत हाय."

"वॉरंटी मलाच शिकवती का?" मी म्हणाले. "बोर्ड मीच दिलाय तुमाला."

"तरी बघा," ती म्हणाली. "आतून बघा."

"मी येऊ का दुकानात, बिलाचा प्रोग्राम दाखवायला?" असंही तिनं विचारलं. त्याचं उत्तर मी द्यायच्या आधीच केवळाबाईंनी दिलं. "काई गरज न्हाई."

दुकानात आल्यावर रागारागात मी सगळे प्लग एका दमात ओढून काढले. कुठला आधीच सुटलेला होता का, ते बघितलंच नाही. बोर्ड बाहेर काढला, त्याच्या खोक्यावर ठेवला, एक रॅम तेवढी लावली, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं चालू करायच्या दोन पिना जोडल्या. एका सेकंदात पडदा उजळला. अर्धा तास चालू ठेवला, तासभर ठेवला. बोर्डात काही म्हणजे काही दोष नव्हता. परत कॅबिनेटात बसवला तरी चालत होता.

मग दोष त्या घरात, असं माझ्या डोक्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी मशीन द्यायला गेले तेव्हा मीटर लावून त्यांची वायरिंग तपासली. ती ठीक होती. त्या दिवशी केवळाबाईंनी रुद्राणीला माझ्यासमोर येऊच दिलं नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम करून राहिलंय. कशासाठी? मला खोटी पाडायला. हिच्या हातचं टिकत नाही, असं बाजारात व्हावं म्हणून. कागदाचा कप माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी कॅबिनेटच्या चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका लावला. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटतो. हे घरात कुणाला सांगितलं नाही. खोकं तेवढं माझ्या फळीवर राहिलं.

चौथा फोन जूनच्या दहा तारखेला आला. मी आत गेले तेव्हा रुद्राणी भिंतीला टेकून उभी होती. वाळली होती. परीक्षेच्या निकालाकडं पोरं बघतात तशी ती माझ्याकडं बघत होती.

"जमलं का अक्का?" तिनं हळूच विचारलं.

"आता जमवतेच," मी म्हणाले. "आज चोर धरल्याबिगर उठत न्हाई."

तिला ते कळलं नाही. मलाही तिचं कळलं नव्हतं.

चारही ठिपके फुटले होते. मी बाजू उघडली, बॅटरी मारली. प्रोसेसरला करंट देणारा छोटा प्लग सुटून लोंबत होता. हा प्लग आपोआप सुटत नाही, त्याला खटका असतो. नखानं दाबला तरच निघतो. मी तो हातात धरून उभी राहिले आणि माझा आवाज चढला, पार पुढच्या काउंटरपर्यंत गेला.

"अण्णा, हिकडं या! तुमच्या मशीनला काईबी झालेलं न्हाई. तुमच्या घरातलं मानूस हे उघडून राहिलंय आन वायर काढून राहिलंय. एकदा न्हाई, तीनदा! माझ्या धंद्यावर उठलंय कोन, ते मला आत्ता कळलं पाहिजे!"

अण्णा आले. गोदामातून त्यांचा मुलगा शिवलिंग, रुद्राणीचा नवरा, आला. केवळाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या घरात स्क्रू-ड्रायव्हर धरता येणारं, आतलं काही समजणारं माणूस एकच होतं, आणि तिघांनीही एकदम तिच्याकडं बघितलं. मशीनकडं कुणीच बघितलं नाही.

"आत जा," शिवलिंग म्हणाला. अगदी हळू आवाजात, त्यात राग नव्हता. त्याचंच मला भ्या वाटायला पाहिजे होतं. ती गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. प्लग बसवला, मशीन चालू झालं, नवे ठिपके लावले. "आता बंद पडनार न्हाई," अण्णांना ठणकावून सांगितलं आणि ताठ मानेनं बाहेर पडले.

चार दिवसांनी सकाळी एक बोर्ड वॉरंटीत नांदेडला पाठवायचा होता आणि त्याला खोकं नव्हतं. फळीवर अण्णांच्या बोर्डाचं खोकं पडलं होतं. उघडलं. पुठ्ठ्याच्या खाली, माहितीपुस्तकात घडी केलेली बिलाची एक कोरी पावती होती. तिच्या पाठीवर लिहिलं होतं:

"अक्का, माझा फोन काढून घेतलाय. माहेरी बोलू देत नाहीत, दाराबाहेर जाऊ देत नाहीत. खाली माझ्या भावाचा, वैजनाथचा नंबर आहे. त्याला सांगा, येऊन मला घेऊन जा, लवकर. मला इथं भीती वाटते. तुम्ही घरात यावं म्हणून मशीन मीच बंद पाडते, माफ करा. पुढच्या वेळी आलात की जमलं का तेवढं सांगा."

ह्या चिठ्ठीवर बोर्ड ठेवून मी तासभर तो चालवून बघितला होता. उघडून बघा म्हणून ती दोनदा म्हणाली होती. तिला बाहेरचं माणूस घरात आणायची एकच वाट होती, आणि ती वाट कुठली हे मीच तिच्या सासऱ्याला हाका मारून दाखवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी झाले. अपमान माझा झाला होता हे खरंच होतं. पण तो कुरवाळत बसले आणि ज्या बाईनं मला स्टीलच्या कपात चहा दिला तिलाच चोर ठरवलं. नंबर लावायला तीन वेळा चुकले.

वैजनाथनं फोन उचलला. लातूरला एका दालमिलमध्ये कामाला होता. संक्रांतीपासून बहिणीचा आवाज ऐकला नाही म्हणाला. फोन केला की दाजी सांगतात, तिलाच बोलायचं नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली. तो म्हणाला, "निघालोच ताई."

मला त्याची वाट बघवेना. चिठ्ठी मुठीत धरून मी बाजाररस्त्यानं निघाले.

अण्णांच्या दुकानात गर्दी नव्हती. कॉम्प्युटर मधल्या खोलीतून पुढं काउंटरवर आणलेला होता आणि अण्णा स्वतः एका बोटानं बिल करत बसले होते. कॅबिनेटवरचे चारही लाल ठिपके जसेच्या तसे होते.

"या बाई," अण्णा म्हणाले. "मस्त चालून राहिलं मशीन. तुमी दोष बरोबर काढला."

"रुद्राणी कुठं हाय?"

"सून होय? लातूरला गेली, माहेरी. परवाच तिचा भाऊ येऊन घेऊन गेला."

तिच्या भावाशी तर मी आत्ताच बोलले होते. मधल्या खोलीचं दार बंद होतं, बाहेरून कडी घातलेली. त्याच्यापुढं केवळाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात आज सूप नव्हतं.

मी फोन काढला, वैजनाथला लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला.

"बोला ताई," वैजनाथ म्हणाला. मागून गाडीचा आवाज येत होता. "लातूर सोडलं मी. तिला एवढंच सांगा, भाऊ येऊन राहिला. सांगितलं का? कशी हाय ती?"

अण्णांचं बोट बटणावरच थांबलं. त्यांनी केवळाबाईंकडं बघितलं. मग ते उठले, माझ्या बाजूनं पुढं गेले आणि दुकानाचं शटर खाली ओढायला लागले.

दर वेळी मी ज्याच्यावर बसून मशीन उघडायचे ते लोखंडी स्टूल काउंटरजवळ होतं. मी ते शटरखाली सरकवलं. शटर त्याच्यावर आदळून अडकलं. पलीकडं रस्त्यावर पेरणीच्या बाजाराला आलेली माणसं होती, त्यांचे पाय दिसत होते. मी स्टुलाशेजारी खाली बसले, चिठ्ठी उलगडली आणि माझा सगळा आवाज लावून वाचायला सुरुवात केली.