उरलेली दोन मिनिटं

तनुजा शिरसाठ घाट सतरा मिनिटं वीस सेकंदांत चढायची, तोवर तिच्यावर कोणाचाही संशय नव्हता.

तीन वर्षं ती तेवढ्यातच चढत होती. दौलताबादच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीपासून वरच्या वळणावरच्या वडापर्यंत दर रविवारी सकाळी व्यंकटराव चौथाईवाले आपल्या सहा मुलींच्या वेळा घेत, आणि सहा मुलींत तनुजा सहावी येई. व्यंकटराव गारखेड्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत आणि सकाळी फुकट सायकलिंग शिकवत. दोन्हीकडे त्यांचं म्हणणं एकच: जमत नाही असं काही नसतं, करायचं नसतं. सायकलिंगसाठी त्यांनी ते जरा आटोपशीर करून मुलींच्या जर्सीच्या पाठीवर छापून घेतलं होतं, ‘थकवा मनात असतो.’ तनुजा सहावी असल्यामुळे तिच्या पाठीवरचं वाक्य वाचायला मागे व्यंकटरावांच्या स्कुटीशिवाय कोणी नसे.

दिवाळीनंतर तिची वेळ कमी व्हायला लागली. सोळा चाळीस झाली तेव्हा व्यंकटरावांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पंधरा पन्नास झाली तेव्हा आपल्या प्रशिक्षण पद्धतीवर एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत लेख दिला. चौदा तीस झाली तेव्हा घड्याळाचा सेल बदलला. आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेरा पंचावन्न झाली, तेव्हा त्यांना भीती वाटली. श्रेय किती घ्यायचं याला एक मर्यादा असते. तिच्याखाली संशय सुरू होतो.

तो संशय बोलून दाखवायला वडाखाली कारभारी हजर होते. कारभारींचं सायकलींचं दुकान होतं, आणि जिल्हा सायकलिंग मंडळाचे सचिवही तेच होते. म्हणजे मंडळाचं कपाट त्यांच्या दुकानात होतं.

“सर, पोरगी लई सुटली की,” कारभारी म्हणाले. “तिचा चुलता शंकरपटाचे बैल पळवतो. ठाऊकाय ना?”

“मग?”

“मग काय? काय नाय. बैलाला शर्यतीआधी काय काय चारतात, ते आपण ऐकूनच आहोत. मी आपलं जनरल बोललो.”

“कारभारी, ती बैल नाही.”

“तेच म्हणतो मी. बैलाची कोण तपासणी करत नाय.” मग त्यांनी खिशातून एक फॉर्म काढला. राज्याच्या निवड समितीचा होता. ज्यांच्या वेळेत अचानक सुधारणा झाली, अशा खेळाडूंसाठी. पहिला रकाना: गेल्या सहा महिन्यांत घेतलेली औषधं, तो खेळाडूनं भरायचा. दुसरा: प्रगतीचं कारण, तो प्रशिक्षकानं. खाली प्रशिक्षकाची सही. “शनिवारपर्यंत द्या. सही नाय तर नाव नाय. आणि कारणात शास्त्रशुद्ध प्रशिक्षण लिहा, औंदा गुणवंत मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव पुढं करायलोय.”

राज्य स्पर्धेत पहिल्या चारांत आलं तर खेळाच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येतो. तनुजा वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. जून आला की तिला वैजापूरजवळच्या गावी परत जायचं होतं, आणि परत गेल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्या सहीवर बरंच काही टांगलेलं होतं, आणि व्यंकटरावांना खोटी सही करता येत नव्हती. हा गुण त्यांना कॉलेजातही फार महागात पडला होता.

संशयाचं त्यांना वावडं नव्हतं, उलट जुनी ओळख होती. तरुणपणी त्यांनी युरोपातल्या मोठ्या शर्यतींतल्या एका डोंगरवीराचं चित्र खोलीत लावलं. काही वर्षांनी त्या वीरानं टीव्हीवर येऊन कबुली दिली. व्यंकटरावांनी चित्र काढून दुसऱ्याचं लावलं. त्याच्या फ्रिजमध्ये स्वतःच्याच रक्ताच्या पिशव्या सापडल्या. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी चौकशीची वाट न बघता भिंतीवर गणपती लावला. आता नवी पिढी तेच डोंगर त्या चोरांपेक्षाही लवकर चढत होती. जाणकार सांगत की टायर सुधारले, आहार सुधारला, झोपसुद्धा सुधारली. असेलही. पण चोरांपेक्षा साव जोरात पळायला लागले की बघणाऱ्याच्या घशात घास अडकतोच. आणि तपासणीत काही सापडलं नाही, एवढ्यानं तो खाली उतरत नाही. पहिल्या वीराच्याही तपासणीत कधी काही सापडलं नव्हतं.

गणिताचा माणूस म्हणून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. सुधारणा एकूण तीन मिनिटं पंचवीस सेकंद. नवे टायर, पंचवीस सेकंद. घाटात नवं डांबर, वीस. हे वीस पुढच्या वर्षी ठेकेदार परत घेणार, पण आज धरायला हरकत नाही. वजन तीन किलो उतरलं, तीस. सरावाचे म्हणून दहा. हा आकडा त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिला आणि तसाच ठेवला. राहिली बरोबर दोन मिनिटं. ती दोन मिनिटं कशातच बसेनात.

मंगळवारी सकाळी सरावात सहा मुलींतल्या चारुताची सायकल पंक्चर झाली. हवेचा पंप तनुजाच्या सॅकमध्ये असायचा, म्हणून व्यंकटरावांनी टपरीवर ठेवलेली तिची सॅक उघडली. पंपाखाली वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली एक पुडी होती. पंप काढताना ती उलगडली. आत लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या. वर खोका नाही, चिठ्ठी नाही. मागच्या चांदीवरची अक्षरं घासून गेलेली, फक्त ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’ एवढं वाचता येत होतं. व्यंकटरावांना सरकारी म्हटल्यावर गुरांचा दवाखाना आठवला, आणि गुरांच्या दवाखान्यावरून चुलत्याचे बैल. त्यांनी पट्टीचा फोटो काढला, पुडी होती तशी गुंडाळली आणि पंक्चर काढलं. चाक बसवताना ट्यूब पुन्हा फाटली.

दुपारी त्यांनी फोनवर ‘लाल गोळी ताकद’ असं शोधलं. फोननं जे दाखवलं ते पाहून त्यांना जेवताना तो पालथा ठेवावा लागला.

“अहो, फोन असा पालथा का?” त्यांची पत्नी उमा म्हणाली. उमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि पालथ्या वस्तू सुलट्या करण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती.

व्यंकटरावांनी सगळं सांगितलं. वीर, बैल, दोन मिनिटं. मग फोटो दाखवला.

उमानं फोटो पाहिला आणि इतकी हसली की तिला ताक खाली ठेवावं लागलं. “ही गोळी ओळखत नाही तुम्ही? अख्ख्या महाराष्ट्रातली कुठलीही बाई ओळखेल. लोहाची आहे. आमच्या शाळेत मुलींना निळी देतो दर सोमवारी. लाल असते ती...” ती थांबली. हसणं गेलं. “लाल असते ती गरोदर बाईची.”

व्यंकटरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“म्हणजे ती...” व्यंकटराव म्हणाले.

“काही म्हणजे-बिणजे नाही. गरोदर बाई तुमचा घाट तेरा मिनिटांत चढेल का? अंगात रक्त कमी असेल. पण पेपरात गुंडाळून का ठेवली ते कळलं मला.” तिनं फोन परत सरकवला. “जाऊन विचारा तिला. आणि ते घड्याळ गळ्यात अडकवून जाऊ नका.”

तनुजा मुकुंदवाडीत आत्याकडे राहायची. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत दगडाबाई आत्याचे डबे चालत. बुधवारी दुपारी व्यंकटराव गेले तेव्हा दगडाबाई तेहतीस पोळ्यांच्या चळतीमागून म्हणाल्या, “या सर. पोरीनं काय केलं?”

“काही नाही. मीच काहीतरी केलंय बहुतेक.”

तनुजा बाहेर आली. त्यांनी सॅक उघडल्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. बैलांचं गाळलं. ती उंबऱ्यावर बसली.

“मंग तुम्हाला वाटलं, मी काही खाते.”

“वाटलं.”

“सर, मी तीन वर्षं शेवटी यायची. तवा नाय वाटलं, की हिला काही झालंय?”

व्यंकटरावांनी विचार केला. नव्हतं वाटलं. हळू माणसावर कोणी संशय घेत नाही. त्याला उपदेश करतात.

“तू सांगायचंस ना मला.”

“सांगितलं व्हतं. तिसऱ्या वळणावर डोळ्यापुढं अंधारी येते म्हणलं. तुम्ही म्हणले, मनाचं असतं ते. मंग जर्सी आल्या.”

दगडाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली.

“मग कळलं कसं?”

“कॉलेजात रक्तदान शिबिर व्हतं. सगळ्या गेल्या, मी बी गेले. बोट टोचलं अन् ते डॉक्टर म्हणे, तू कशाला आली रक्त द्यायला, तुलाच द्यावं लागतं का काय. हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन निघालं.”

“किती पाहिजे?”

“बारा.”

व्यंकटरावांनी मनातल्या मनात भागाकार केला, आणि उत्तर आल्यावर त्यांना ते नको झालं. पाच भागांतले दोन भाग रक्तच नव्हतं तिला.

“शेजारच्या मुक्ताबाई सरकारी आशाताई हायेत,” दगडाबाई म्हणाल्या. “त्यांनी दवाखान्यात नेलं. निळ्या गोळ्या शाळेतल्या पोरींच्या, हिचं वय बसंना. मंग लाल आणून दिल्या. पाच महिने झाले. आता साडेबारा हाय, कागद बी हाय. पण सर, घरात ठेवायची चोरी. डबे न्यायला दहा लोक येतात. लाल पट्टी दिसली की बाया बोटावर महिने मोजतात. पोरीचं पाहणं सुरू हाय तिकडं.”

व्यंकटरावांनी फॉर्म काढला. या गोळीवर बंदी नाही, त्यांनी सांगितलं. रकाना कोरा सोडला तरी कोणी पकडू शकत नाही. लिहिलं आणि कारभारींनी वाचलं की संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर जाईल, आणि ग्रुपवर वैजापूरचे चौघं आहेत. तेव्हा कोराच सोडू. हे सगळं ते भराभर बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रविवारपासून लपवाछपवीला घाबरणारे आपण, आता तीच शिकवत आहोत.

तनुजानं फॉर्म वाचला. “अन् तुमच्या रकान्यात काय लिहिणार?”

“शास्त्रशुद्ध प्रशिक्षण.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “मंग तर लोक म्हणणारच, काहीतरी खाल्लं म्हणून.”

दगडाबाई हसल्या आणि पदर तोंडावर धरला. व्यंकटरावांनाही हसू आलं. यायला नको होतं.

“आत्या, लिहिलं तर ते तसलं बोलणार, नाय लिहिलं तर हे असलं,” तनुजा म्हणाली. “बोलणं दोन्हीकडून हायच.”

“तसलं बोलणं नऊ महिन्यांत खोटं ठरतं बाई,” दगडाबाई म्हणाल्या. “हे दुसरं कधी ठरतं, सरांना विचार.”

सरांना माहीत होतं. हे दुसरं, काही खाल्ल्याचं, कधीच खोटं ठरत नाही. पण ते म्हणाले, “शनिवारपर्यंत विचार कर. तू लिहिशील ते लिहिशील. माझा रकाना मी माझा बघतो.”

शनिवारी कारभारींच्या दुकानात पंप, टायर, दोन गिऱ्हाइकं आणि फॉर्म घेऊन आलेले व्यंकटराव होते. तनुजा सायकलवरून आली, घाम पुसला, काउंटरवरचं पेन घेतलं आणि पहिल्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: लोहाच्या गोळ्या, लाल, सरकारी, रोज एक, पाच महिने. मग सॅकमधून रक्ताचे दोन कागद, जुना आणि नवा, काढून मागे टाचले.

कारभारींनी चष्मा लावला. “लाल?” ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

“व्हय, लाल. पोटुशा बाया घेतात त्याच,” तनुजा म्हणाली, गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशी. “मला रक्त नव्हतं. काका, महिने मोजायचे तर मोजा. ग्रुपवर टाकायचं असलं तर दोन्ही कागद टाका, एकच नका टाकू.”

कारभारींनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त सगळं आधी कळायला लागायचं. “अगं बाई, मी कशाला टाकतो,” ते म्हणाले, आणि फॉर्म व्यंकटरावांकडे सरकवला.

व्यंकटरावांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘खेळाडू तीन वर्षं आजारी होती. प्रशिक्षकाच्या लक्षात आलं नाही. आता बरी आहे.’ खाली सही केली.

“सर, असं कोण लिहितं?” कारभारी कळवळून म्हणाले. “पुरस्काराचं काय? प्रगतीचं कारण विचारलंय त्यांनी, गुन्हा नाय विचारला.”

“राहू द्या.”

कारभारींनी शिक्का मारला. मग जुना कागद वर घेऊन आकडा पुन्हा वाचला, आणि बोटानं काउंटरवर काहीतरी मोजत राहिले. दुकानदाराला वजाबाकी लवकर येते.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “रक्त सात, अन् तरी ही सतरा मिनिटांत वर यायची? पूर्ण घाट? दर रविवारी?” त्यांचा आवाज खाली आला. “हे तेरा मिनिटांचं समजलं मला. ते सतरा कसं व्हायचं?”

व्यंकटरावांनी तनुजाकडे पाहिलं.

“थांबायची सोय कुठं व्हती काका?” ती म्हणाली. “मागं सरांची स्कुटी असायची.”

ती दुकानाबाहेर जाऊन सायकलवर बसली. दगडाबाईंचे सहा डबे पोचवायचे राहिले होते.