अर्जुनाच्या पाव्यातली गुणगुण

या, असे जवळ सरका. बुवा कीर्तनात उत्तररंगाला आख्यान लावतात ना, तशी एक गोष्ट सांगतो. पांडुरंगाच्या पायी माझा भाव आहे, म्हणूनच सांगतो.

पंचाण्णव सालची दिवाळी. जतकडच्या माळावर अंबूबाईच्या ओसरीपुढं रोज सांजेला ही गर्दी! नवरा अर्जुना मेंढरांमागं पावा वाजवायचा. तो उन्हाळ्यात वारला. वाडीची रीत अशी, की वाजवणारा गेला की त्याचा पावा वर्षभर खुंटीवरून हलवायचा नाही. आणि तोच पावा आता बोलू लागला होता!

नाथाजी देवऋषी डोळे फिरवी, पाव्यावर अंगठीची टिचकी मारी. "बोल अर्जुना, बोल!" आतून गुंऽऽ! बायका हात जोडत.

"जीव अडकलाय ह्यात. पावा माज्या देवाच्या ठाण्यावर द्या, न्हाईतर त्यो असाच तळमळंल."

अंबूबाईला मूलबाळ नाही. घरात तेवढाच आवाज. "आवं, पावा दिऊन मी बोलू कुनाशी?" पण धन्याची तळमळ तिला सोसवेना. ती द्यायला तयार झाली.

शाळेच्या शरयूबाई म्हणाल्या, "नाथाजी, उद्या अर्जुनाला भर दुपारी बोलतं करा."

"दुपारी न्हाई जमायचं."

"का रं गड्या?" गर्दीतला हंबीरराव खेकसला. "दुपारचा अर्जुना मेंढरं राखाया जातो व्हय?"

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं टिचक्या मारून बोट सुजवलं. पावा गप्प! तेवढ्यात एक बारकी माशी हिरव्या पानाचा गोल तुकडा घेऊन आली आणि पाव्यात शिरली.

"आता टिचकी मारा," बाई म्हणाल्या.

गुंऽऽ!

"माशी दिवसभर बाहेर असते, सांजेला मुक्कामाला घरी येते, म्हणून तुमचा अर्जुना सांजेलाच बोलतो!"

माणसं खो खो हसली. नाथाजी "ग्रह फिरलं" म्हणत सटकला. अंबूबाई मात्र हसली नाही.

"मंजी... धनी न्हाईत ह्यात?"

"नाहीत, अंबूबाई." बाई तिच्याजवळ टेकल्या. "ही पानं कापणारी मधमाशी. हिला पोळं नाही, राणी नाही. एकटीच पानांची खोली करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालून दार लावते. दिवसभर तुरीच्या फुलांत राबते, म्हणून शेंगा भरघोस धरतात."

"पोरं तरी बघती का?"

"पोरं बाहेर यायच्या आधीच ही मरते."

अंबूबाई पाव्याकडं बघत राहिली. "मग ऱ्हाऊ दे तिला. वरीस कुटं सरलंय अजून?"

बाबांनो, देवाला खुशाल आळवा. पण कुणी मेलेल्याला बोलतं करू लागला, तर त्याला ते आधी भर उन्हात करून दाखवायला सांगा. आणि तुरीच्या आमटीचा भुरका माराल, तेव्हा लेकरांचं तोंड न बघता गेलेल्या त्या एकट्या आईची आठवण काढा.