सहानंतर आठ

आम्ही हरलो ते बरंच झालं, असं मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्या माणसांचा मला राग येतो. हरणं वाईटच, आणि पंधरा-चौदानं हरणं तर फारच वाईट. पण त्या सामन्याला आता तीन आठवडे झालेत आणि मी मजेत आहे. परीक्षा तोंडावर आलीय, रसायनशास्त्राची वही जवळजवळ कोरी आहे, आणि मी खिडकीत पाय पसरून संत्रं खातेय. माझी रूममेट म्हणते, उन्हात खेळून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला समजावून सांगायला गेले तर ती दुसऱ्या मिनिटाला फोन बघायला लागली, म्हणून लिहूनच काढते.

शाळेत मी बास्केटबॉल खेळायचे. शिट्टी वाजली नाही म्हणजे काही झालंच नाही, असा आमचा सरळ कारभार होता. पंचाची पाठ वळली की समोरचीचा शर्ट ओढायचा, कोपर मारायचं आणि वर स्वतःच कळवळून खाली पडायचं, यात मी पटाईत होते. आईला माझं कोण कौतुक! कॉलेजात आल्यावर अल्टिमेट या फ्रिस्बीच्या खेळाच्या मैदानावर गेले ती फुकटच्या पिझ्झासाठी. फ्रिस्बी म्हणजे कुत्र्याला पळवायची वस्तू, एवढीच तोवर माझी समजूत होती. पहिल्याच संध्याकाळी मी सवयीनं एका उंच मुलीचं मनगट धरलं. ती जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "फाउल."

मी इकडेतिकडे पाहिलं. "पंच कुठेय?"

सगळ्या खो खो हसल्या. "पंच नसतो गं आपल्यात," ती म्हणाली. "मी म्हणतेय फाउल. तू सांग, धरलंस की नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," असं म्हणून तिनं डिस्क, म्हणजे ती फ्रिस्बीच, परत फेकणारीकडे दिली आणि खेळ पुढे सुरू झाला. वाद नाही, आरडाओरडा नाही. तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती, ती मात्र तिनं येताजाता मला दिसतील अशी ठेवली. पिझ्झा खाताना मला घास गिळवेना. शेवटी मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "धरलं होतं मी."

"माहितेय," ती म्हणाली. "अजून एक तुकडा घे."

ती थिया. तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती, पुढे आमची कप्तान झाली. मी तिला घाबरायचे. आवाज चढवणाऱ्यांची मला सवय आहे, आमच्या घरी सगळेच चढवतात. थिया आवाज चढवायची नाही, नुसती बघायची. तिनं एकदा "छान" म्हटलं की मी आठवडाभर त्यावर काढायचे.

आमच्या खेळात जिच्या हातात डिस्क असते तिला पळता येत नाही. तिच्यासमोर दुसऱ्या बाजूची एक जण हात पसरून उभी राहते आणि मोठ्यानं, सेकंदाला एक आकडा असं, दहापर्यंत मोजते. दहाच्या आत फेकली नाही तर डिस्क गेली. म्हणजे वेळ आपली आणि घड्याळ शत्रूच्या तोंडात. ज्यानं कोणी हा नियम काढला त्यानं माझ्यासारखी बाई पाहिलेली नसणार. मी जेवते भराभर, बोलते भराभर, आणि मोजायचे तर त्याहून भराभर. पोरींनी माझं नाव 'एक्सप्रेस' ठेवलं होतं. थियानं मला वसतिगृहाच्या जिन्यात उभं करून हातात स्टॉपवॉच दिलं. "मोज." मी मोजलं. "कोरीन, तुझे दहा म्हणजे जगाचे सात," ती म्हणाली. "पुन्हा." दोन हिवाळे आम्ही त्या जिन्यात काढले. येणारेजाणारे माझ्याबरोबर मोजायला लागले, तळमजल्यावरचा सफाईवाला तर मुद्दाम चुकीचे आकडे ओरडायचा. पण जमलं. माझे दहा जगाचे दहा झाले.

आता त्या रविवारचं सांगते. छोट्या कॉलेजांच्या नॅशनल्सना आमच्या विभागातून एकच संघ जाणार होता. आमचं कॉलेज विस्कॉन्सिनमधलं एवढंसं, संघात आम्ही मोजून चौदा जणी, आणि आजवर आमच्यातलं कोणी नॅशनल्सना गेलेलं नव्हतं. थिया चार वर्षं थोडक्यात हुकली होती. मला अजून एक वर्ष होतं. तिला नव्हतं. ती पाचव्या वर्षासाठी थांबली होती ती याच एका कारणासाठी, हे तिच्या आईवडिलांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. जूनमध्ये तिची ओमाहाला नोकरी सुरू होणार होती.

शेजारच्या राज्यात, रॉकफर्डजवळच्या त्या मैदानांवर वारा असा की केळ्याची सालं उडून जात होती. शेवटचा सामना आयोवातल्या एका कॉलेजाशी. त्यांची रोवन म्हणून एक लालकेशी पोरगी होती, ती वाऱ्यातसुद्धा डिस्क अशी फेकायची की बघत राहावं. तेरा-तेरा असताना थियाचा पाय मुरगळला. घोट्यावर बटाट्याएवढी सूज. तिला उचलून बाहेर आणलं तर म्हणते, "बर्फ नको, वेळ जातो. खेळा." चौदा-चौदा झालं. आता जी पुढचा गोल करेल ती जाणार, दुसरी घरी.

थिया कडेच्या रेघेला एका पायावर उभी राहिली. बाहेरच्यांना खेळाबद्दल निकाल देता येत नाही, पण आपल्या खेळाडूला ओरडून सांगता येतं, आणि थिया माझ्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावरून सांगत होती. खेळ सुरू करायला आम्ही डिस्क त्यांच्याकडे लांब फेकून दिली. ती रोवननं घेतली, अगदी तिच्याच गोलच्या पट्ट्यासमोर, कडेच्या रेघेजवळ. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या पोरींनी बाकीच्यांना असं धरलं होतं की रोवनला फेकायला कुणी सापडेना.

"एक. दोन. तीन."

"डावीकडे, कोरीन, डावीकडे!" मागून थिया.

"चार. पाच. सहा."

रोवननं डावीकडे फेकल्यासारखं केलं. मी झेपावले. ती फसवत होती. मी पडता पडता सावरले आणि परत तिच्यासमोर आले. "आठ. नऊ. दहा!"

रोवननं डोळे घट्ट मिटून घेतले. तिनं डिस्क गवतावर ठेवली आणि मागे पळाली. आमच्या कडेला एकच आरडाओरडा झाला. कारण आता डिस्क आमची होती आणि गोल पाच पावलांवर. एक फेक, एक झेल, की संपलं. आमची पेट्रा डिस्क उचलायला धावली.

"उचल! पेट्रा, उचल, उचल!" थिया ओरडत होती. एका पायावर उड्या मारत होती. तिला असं आनंदानं वेडंपिसं झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सात म्हटलेच नाही.

मुद्दाम नाही, शप्पथ. सहानंतर तोंड घसरलं. पण एक अख्खा आकडा मी गिळला होता आणि ते कुणाला कळलेलं दिसत नव्हतं. रोवनला कळलं असतं तर ती बोलली असती. पेट्रा तीन पावलांवर होती. शाळेतली मी आतून सांगत होते, शिट्टी वाजली का? नाही ना? मग? मी थियाकडे पाहिलं. पाच वर्षांचा तिचा हातातोंडाशी आलेला घास, आणि तो काढून घेणारी मी. हे बोलले तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, हे मला तेव्हा अगदी पक्कं वाटलं. नाही बोलले तर तिच्याकडे बघायचं कसं, तेही समजेना.

"थांबा," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मग मी आमच्या घरच्या आवाजात ओरडले, "थांबा!"

पेट्राची बोटं डिस्कला लागायचीच होती. "काय झालं?"

"मी चुकीचं मोजलं. सहानंतर आठ म्हणाले. डिस्क तिची आहे."

रोवन परत आली. "खरंच? मला तर वाऱ्यात नुसतं दहाच ऐकू आलं."

"खरंच."

"तुला वेड लागलंय का गं?" पेट्रा दातांतल्या दातांत म्हणाली. "आत्ता? आत्ता आठवलं तुला?"

रोवननं डिस्क उचलली. सहाच्या पुढे मोजायचं ठरलं. मी "सात" असं म्हटलं की शेजारच्या मैदानावरचेसुद्धा वळून बघायला लागले. आठला तिची एक मैत्रीण सुटली आणि रोवननं फेकली. पुढे अकरा फेकी झाल्या. मी मोजल्या आहेत, नीट मोजल्या आहेत. प्रत्येकीच्या मागे आम्ही जीव तोडून पळालो. नवव्या फेकीला माझ्या नखाला डिस्क लागली, नुसती लागली. अकरावी त्यांच्या एका बुटक्या पोरीनं आमच्या गोलच्या पट्ट्यात छातीशी धरली. ती स्वतःच आधी म्हणाली, "थांबा, माझा पाय आत होता का ते बघते," आणि खाली बघून, मातीतली खूण पाहून, मग ओरडली. होता. आत होता.

सामना संपला की दोन्ही संघ रिंगण करून एकाआड एक उभे राहतात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. हरल्यावर ते करणं म्हणजे शिक्षाच आहे. रोवननं सगळ्यांसमोर आपली घामट टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. टाळ्या पडल्या. मी गोल फिरून एकेक चेहरा बघत होते. पेट्रा रडत होती, पण माझ्या पाठीवरचा हात तिनं काढला नाही. थियानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती गवताकडे बघत होती.

घरी जाताना थियाची व्हॅन मी चालवली. मागे पेट्रा आणि आणखी एक जण तोंडं उघडी टाकून झोपल्या होत्या. थिया शेजारी, पाय वर, घोट्यावर बर्फाची पिशवी. चाळीस मैल ती एक अक्षर बोलली नाही. मी रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. एकदा म्हटलं, "दुखतंय का?" तिनं मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. असं वाटलं गाडी थांबवावी आणि सरळ शेतातून चालत जावं.

राज्याची सीमा ओलांडल्यावर कुठेतरी कस्टर्डचं, म्हणजे आमच्याकडच्या घट्ट आइस्क्रीमचं, दुकान लागलं. दरवेळी थांबतो तिथे. झोपलेल्यांना तसंच ठेवून मी दोन कप आणले आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ऊन चांगलं कडक होतं. कस्टर्ड विरघळायला लागलं तरी थियानं चमचा लावला नाही.

मला राहवलं नाही. "थिया, शिव्या दे. पण बोल काहीतरी. मला माहितेय मी काय केलं ते. तुझं शेवटचं वर्ष होतं आणि मी—"

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी तुझ्या मागेच होते ना. सहा ऐकलं, मग आठ ऐकलं. अगदी स्पष्ट." ती कपाकडे बघत बोलत होती. "आणि मी पेट्राला ओरडले, उचल म्हणून. लवकर उचल म्हणून. तू काही बोलायच्या आत."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"तू आत खेळत असतीस तर तूच सांगितलं असतंस," मी म्हटलं.

"ते मला माहीत नाही, कोरीन. तेच तर." तिनं नाक पुसलं. "चाळीस मैल तेच चाललंय डोक्यात. तू गप्प बसली असतीस तर आपण नॅशनल्सना गेलो असतो. आणि मीही गप्प बसले असते. कायमची. तुलासुद्धा कधी सांगितलं नसतं."

तिचे डोळे भरून आले होते. ज्या मुलीच्या नुसत्या बघण्याला मी तीन वर्षं घाबरत आले होते, ती आता माझ्याकडे बघायला घाबरत होती. मला राग यायला हवा होता, निदान थोडा. आला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले, आणि हसता हसता रडले, आणि मग ती पण. दुकानातल्या बाईनं खिडकीतून डोकावून विचारलं, "पोरींनो, कस्टर्ड खराब आहे का?"

"नाही हो, मस्त आहे," थिया म्हणाली आणि पहिला घास घेतला.

त्या दिवसापासून मी तिला घाबरत नाही. माझं तिच्यावर प्रेम मात्र आधीपेक्षा जास्त आहे, आणि ते मी तिथेच बाकावर तिला सांगून टाकलं.