फडकं कोरडं होतं

जावईबापू चुकत नाहीत, असं त्या घरात कोणी ठरवलेलं नव्हतं. पण अकरा वर्षांत तशी वेळही आली नव्हती. ऑफिसातले शंभरेक कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. सासऱ्यांचा फोन अडला, टीव्ही रुसला, की "थांबा, जावई येऊ देत" हे ठरलेलं. त्यालाही ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

त्या शनिवारी तो सासूबाईंच्या कॉम्प्युटरला जास्तीची रॅम बसवायला आला होता. सासूबाई स्वेटरच्या नक्ष्या करायच्या. एक्सेलच्या चौकोनांत एकेक रंग भरत जायच्या. एक चौकोन म्हणजे एक टाका. साठी उलटल्यावर हे सगळं त्या आपल्या आपण शिकल्या होत्या, आणि आता पंचवीस-तीस बायका त्यांच्या नव्या नक्षीची वाट बघत असायच्या. नक्ष्या वाढत वाढत एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की त्या उघडताना कॉम्प्युटरला धाप लागायची.

काम दहा मिनिटांचं होतं. प्रोसेसरला वीज देणारी जाड वायर हाताच्या आड येत होती, म्हणून त्याने ती काढून बाजूला केली, रॅम दाबून बसवली, आणि तेवढ्यात आतून हाक आली, "ताटं वाढलीत हो, गार होईल." त्याने झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि हात धुवायला गेला. झाकण लावण्याआधी मशीन सुरू करून बघा, हे ऑफिसात तो दुसऱ्यांना घसा फोडून सांगायचा. स्वतः मात्र पोटभर जेवला आणि आडवा झाला.

चार वाजता सासऱ्यांच्या आवाजाने त्याला जाग आली.

"काय केलंस तू याला?"

"काही नाही हो," सासूबाई सांगत होत्या. "खोक्यावर धूळ होती ती पुसली आणि बटण दाबलं."

"ओलं फडकं मारलंस?"

"कोरडं होतं. कोरडंच होतं."

तो डोळे चोळत बाहेर आला. आतला पंखा घरघरत होता, पण पडदा काळाठिक्कर. त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं. दुपारी बाजूला केलेली वायर तशीच लोंबत होती. मागे सासरे, सासूबाई आणि बायको अशी तिघं उभी होती, पण त्याच्या रुंद पाठीमुळे कोणाला काही दिसत नव्हतं. त्याने बटण बंद केलं, वायर अंगठ्याने दाबून बसवली आणि पुन्हा सुरू केलं. पडदा उजळला.

"काय झालं होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

वायर लावायची विसरलो. एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"थोडा ओलावा गेला असेल आत."

"बघ!" सासरे सासूबाईंकडे वळले. "आणि वर म्हणे कोरडं होतं!"

सासूबाई आपल्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. ओलावा म्हटलं म्हणजे कोणाचं नाव घेतलं असं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि चहा घेतला. त्या चहाला चव नव्हती, हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं.

तीन आठवडे असेच गेले. मग एका रविवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "आईला गुरुवारी डॉक्टरांकडे न्यायचंय. विसरायला लागलीय रे ती. गॅस बंद केला का, ते चारचारदा उठून बघते. कॉम्प्युटरला तर हातच लावत नाही. बाबा म्हणतात, सुरुवात त्या दिवशीच झाली. ओलं फडकं मारलं आणि कोरडं कोरडं म्हणत राहिली. आता तीच म्हणते, मला खात्री नाही."

 त्याने सांगायला तोंड उघडलं आणि नुसतं "हं" म्हणाला. स्वतःची एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो सासऱ्यांच्या घरी गेला. खुर्चीवर नीट बसलाही नाही.

"आई, त्या दिवशी चूक माझी होती. मी आतली वायर लावायला विसरलो होतो. तुमच्या फडक्याचा काही संबंध नाही."

सासरे हसले. "वा! सासूला वाचवायला जावई अंगावर ओढून घेतोय. असा जावई मिळायला नशीब लागतं."

"राहू द्या हो," सासूबाईही हळूच म्हणाल्या. "तुमचं मन मोठं आहे, म्हणून म्हणताय."

एरवी एवढ्याने तो फुलून गेला असता. आज ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. खोटं बोललेलं एका दमात पटलं होतं, आणि खरं बोललेलं कोणी घ्यायला तयार नव्हतं.

तो उठला. कॉम्प्युटरवर घातलेली चादर काढली. फडकं भिजवलं, पिळलं आणि खोकं वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. बटण दाबलं. पडदा उजळला. मग मशीन बंद करून त्याने झाकण उघडलं, वायर काढली आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.

"असंच झालं होतं ना?"

सासूबाई जवळ आल्या. "लावा बघू ती." त्याने लावली. "आता काढा." काढली. त्यांनी तीनदा करायला लावलं, आणि दर वेळी नजर न हलवता बघत राहिल्या. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने वायर बसवली. पडदा उजळला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

सासरे खाकरले. "चला, म्हणजे मिटलं म्हणायचं. गुरुवारची वेळ रद्द करून टाकतो." त्यांनी फोन उचलला.

"ठेवा तो," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ठेवला.

सासूबाई जावयाकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "परवा मी धाकट्या मुलीचा वाढदिवस विसरले. दोनदा दूध उतू गेलं. गेले तीन आठवडे मी काहीही केलं, की खरंच केलं का, असं वाटत राहतं. यातलं किती तुमच्यामुळे आणि किती वयामुळे, हे आता मला कोण सांगणार?"

 माफ करा, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते, पण ते फार स्वस्त वाटले.

"गुरुवारी साडेदहाला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच चला माझ्याबरोबर. डॉक्टर विचारतील, हे कधीपासून सुरू झालं. ते तुम्ही सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.