खिशात मावेल असा

एम. जी. रोडवरच्या दुकानात सनीने तो फोन काचेवर ठेवला तेव्हा अंजलीला वाटलं, हा दाखवण्यापुरता नमुना असेल, खरा मागून येईल. एवढासा! तिच्या स्वतःच्या फोनशेजारी तो धाकट्या भावासारखा दिसत होता, आणि किंमत मात्र थोरल्याच्याही वरची.

"ताई, मूर्ती लहान पण कीर्ती महान," सनी म्हणाला. दहा वर्षं फोन विकून त्याने प्रत्येक मॉडेलसाठी एकेक म्हण ठरवून टाकली होती. "मोठ्या फोनातलं सगळं यात आहे. तीच चिप, तसाच कॅमेरा, भर उन्हात दिसणारी स्क्रीन. एका हातात धरा, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. आणि पडला तर सहजासहजी फुटत नाही."

"आणि वाईट काय?"

सनी विकणारा असला तरी खोटं बोलणारा नव्हता. "बॅटरी," तो म्हणाला. "अंगच लहान, तर पोट मोठं कुठून येणार? बेताने वापरला तर संध्याकाळपर्यंत जातो. सारखे कॉल, व्हिडिओ, त्यात रेंज कमी, असं असलं तर दुपारीच मान टाकतो. थोडा तापतो पण. लांबचे फोटो मोठ्याइतके येत नाहीत."

लांबच्या फोटोंशी अंजलीला काय करायचं होतं? 'दुपारीच मान टाकतो' एवढेच शब्द तिच्या कानात राहिले.

फोन शेजारी उभ्या असलेल्या योगिनीसाठी होता. योगिनी तिची लेक, सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. सातव्या वर्षापासून तिला टाइप वन डायबेटिस, रोजची चार इंजेक्शनं. आता दंडावर नाण्याएवढा पांढरा सेन्सर चिकटवलेला असायचा. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा तिच्या फोनला सांगायचा आणि तिचा फोन तो आईच्या फोनला कळवायचा. आकडा ऐंशीच्या खाली गेला की फोन बोंब मारायचा. साखर वाढली तर माणसाला वेळ मिळतो. उतरली तर मिळत नाही, हे अंजलीला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. तिने ते पाहिलं होतं.

नववीत, दंडावर सेन्सर असतानाच, योगिनी शाळेच्या मैदानात कोसळली. मैत्रिणींनी तोंडावर पाणी मारलं, शिपायाने कांदा फोडून नाकाला लावला, एक बाई म्हणाल्या उपास असेल. वीस मिनिटं पोरीच्या तोंडात चिमूटभर साखर कुणी घातली नाही. तिचा तेव्हाचा फोन चांगला दांडगा, दोन-दोन दिवस चार्ज न मागणारा. पण तो होता दप्तरात, आणि दप्तर दुसऱ्या मजल्यावर. सेन्सरला वीस-पंचवीस फुटांपलीकडे फोन सापडत नाही. फोन ठणठणीत होता आणि पोर मातीत पडली होती.

त्यानंतर गळ्यात अडकवायचा पाऊच झाला. योगिनीने तो महिनाभर घातला. "जो तो विचारतो, गळ्यात काय लटकवलंय," म्हणाली आणि काढून टाकला. मोठा फोन खिशात मावेना. मुलींच्या कपड्यांना खिसे शिवणाऱ्या माणसाने जन्मात कधी खिशात काही ठेवलेलं नसावं. हा एवढासा फोन मात्र तिने दुकानातच कुर्त्याच्या खिशात टाकला, दोन उड्या मारल्या, आणि तो बाहेर डोकावलासुद्धा नाही.

म्हणजे हिशेब असा होता: मोठा फोन जागा राहणार, पण लांब राहणार. लहान जवळ राहणार, पण मध्येच झोपणार. अंजलीला दोन्हींतून एक भीती निवडायची होती, आणि तिला कुठलीच निवडवेना.

"सात दिवस वापरा ताई," सनी शेवटी म्हणाला. "नाहीच पटला तर पुढच्या रविवारी आणा, मोठा घेऊन जा. मालकांना मी सांगतो."

सहा दिवस अंजली पंचायत समितीच्या ऑफिसात टेबलाशी बसून लेकीची साखर आणि लेकीच्या फोनची बॅटरी अशा दोन्हींवर पहारा देत होती. दर तासाला फोन: आता किती टक्के? "आई," योगिनी एकदा वैतागून म्हणाली, "तू माझी शुगर बघतेस की फोनची?" अंजलीला हसू आलं नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि हिचं तर काळीज पोळलं होतं.

सातव्या दिवशी, रविवारी, कॉलेजची सहल निघाली. निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. सकाळी साडेसहाला सातपूरहून बस सुटली तेव्हा अंजलीने बरोबरच्या स्नेहल मॅडमच्या पर्समध्ये साखर मोजायचं जादाचं मीटर, ग्लुकोजचे पुडे आणि कागदावर लिहिलेल्या नऊ सूचना कोंबल्या. योगिनीच्या बॅगेत पॉवर बँक टाकली. फोन एवढासा आणि त्याची पॉवर बँक विटेएवढी, यावर योगिनी हसली. "संध्याकाळी सनीदादाकडे जायचंय," अंजलीने बजावलं. "आज दिवसभर टिकला तर ठेवू. नाही टिकला तर बदलायचा." योगिनीचं हसू मावळलं.

साडेसातला अंजलीने पहिला फोन केला. आठला दुसरा. साडेआठला व्हिडिओ कॉल, कारण आवाजावरून चेहरा कळत नाही. एकशे बेचाळीस. एकशे अठ्ठावीस. नाश्ता केला का? इंजेक्शन घेतलं का? किती खाल्लं? साडेदहापर्यंत अकरा फोन झाले. मालनबाई, तिची सासू, मटार सोलता सोलता म्हणाली, "अंजली, पोरगी पाखरं पाह्यला गेली का तुझ्याशी बोलायला? लय होतंय तुझं."

"आत्या, तुम्हाला नाही कळायचं."

"मला कसं कळंल? मी कुठं पोरं वाढवली!"

दहा पन्नासला आकडा शहाण्णव झाला. शेजारी खाली तोंड केलेला बाण. पुढचा आकडा चौऱ्याऐंशी, बाण सरळ खाली.

अंजली पुढच्या पाच मिनिटांची वाट बघत उभी राहिली. पाच झाली, दहा झाली. चौऱ्याऐंशी हलेना, आणि त्याखाली बारीक अक्षरं उमटली: माहिती मिळत नाही.

तिने फोन लावला. स्विच ऑफ. मॅडमना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. राकेशला लावला, तिच्या नवऱ्याला. तो मनमाडला रेल्वेत, ड्युटीवर रुळावर असला की फोन खोलीत ठेवावा लागतो. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा योगिनी, स्विच ऑफ. डोळ्यांसमोर मैदान आलं, माती आली, फोडलेला कांदा आला.

"मी निघाले," ती म्हणाली. पायात एक चप्पल तिची, एक मालनबाईची, आणि ते तिला ओढा गावाच्या पुढे जाईपर्यंत कळलं नाही.

शहरातल्या द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी. चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, एसट्या, आणि मध्ये अंजलीची स्कूटी. सिग्नल सुटत होता, गाड्या सुटत नव्हत्या. मन चिंती ते वैरी न चिंती. ती मोजत होती: चौऱ्याऐंशीला बाण खाली. पाच मिनिटांत सत्तर. दहात पंचावन्न. आता हात कापत असतील, घाम फुटला असेल. आता शब्द फुटत नसेल. फोन असता तर वाजला असता, कुणीतरी ऐकलं असतं. फोन मेला. आपणच घेऊन दिला. दुकानदाराने तोंडावर सांगितलं होतं, तरी आपण घेऊन दिला!

फोन वाजला. तिने स्कूटीच्या पुढच्या कप्प्यातून ओढून काढला. अनोळखी नंबर, वर नंबर ओळखणाऱ्या ॲपची लाल पट्टी: 'यादव, लोन'. तिने कापला.

हे त्यांच्या घरातलं पक्कं होतं. मनमाडच्या सहादूकाकांना, राकेशच्या चुलत्यांना, खोट्या पोलिसांनी दोन दिवस व्हिडिओ कॉलवर कोंडून ठेवलं होतं. रेल्वेत हयात घालवलेला करारी माणूस, पण बाथरूमला जायचीही परवानगी मागत होता. तेव्हापासून राकेशने नियम केला, अनोळखी नंबर घरात कुणीच उचलायचा नाही. त्यातून लाल पट्टीचा तर मुळीच नाही. शिवाय आज तिला लाइन मोकळी हवी होती. योगिनीचा फोन येईल आणि एंगेज लागेल, या धसक्याने तिने राकेशलाही पुन्हा लावला नव्हता.

शहराच्या टोकाला, नांदूर नाक्यावर पुन्हा यादव. कापला. ओढा गावाजवळ दोनदा, पुढे लाखलगावपर्यंत आणखी चारदा. कापला, कापला. "मेल्यांना रविवारसुद्धा नसतो," ती हेल्मेटच्या आत रडत म्हणाली. दोन्हीकडे द्राक्षबागा मागे पडत होत्या, समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, आणि तिला काहीही नीट दिसत नव्हतं. लाखलगावच्या पुढे तिची स्कूटी एका ट्रॅक्टरच्या इतकी जवळून गेली की चालवणारा ओरडला, "ओ बाई, मरायचं हाय का?"

चांदोरीला तिला पुढचा रस्ताच दिसेना. तिने कडेला, एका बंद टपरीसमोर, गाडी उभी केली. पाऊण तास झाला होता. पाऊण तासात काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिने फोन पाहिला. चौऱ्याऐंशी. तोच मेलेला आकडा. आणि हातात असतानाच तो वाजला: यादव, लोन. नववी वेळ.

अंजलीचा बांध फुटला. तिने फोन उचलला तो फक्त शिव्या घालायला. "लाज वाटते का रे तुला? माझी पोरगी तिकडे मरतेय आणि तुला लोन सुचतंय? पोलिसात देईन, सांगून ठेवते! ठेव फोन, भाड्या..."

"आई."

अंजलीने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"आई, मी आहे. कापू नकोस, प्लीज. मी बरी आहे."

अंजली टपरीच्या फळीवर बसली. "किती आहे?" तिच्या तोंडून एवढंच आलं.

"एकशे बारा. मॅडमच्या मीटरवर बघितलं. ग्लुकोज खाल्लं, बिस्किटं खाल्ली. रडू नकोस ना."

"फोन... तुझा फोन..."

"संपली बॅटरी. इथे रेंज नव्हती नीट, मी थोडे फोटो काढले, आणि अकरा वेळा तुझा फोन आला." योगिनी हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "पॉवर बँक बसमध्ये राहिली, आणि ड्रायव्हर बस घेऊन डिझेलला गेलाय."

"आज बदलायचा. आजच्या आज. मी सनीला सांगते, मोठ्यात मोठा दे."

"आई, ऐक. मोठा असता तर तोही बॅगेत, बसमध्ये गेला असता. हा खिशात होता. एकोणऐंशीला वाजला, जोरात, सगळे बगळे उडाले. मी लगेच ग्लुकोज फोडलं. मग तो बंद पडला. बंद पडायच्या आधी वाजला, आई."

अंजलीने पदराने नाक पुसलं. पोर बोलत होती. वाक्यं नीट येत होती, शब्द जड होत नव्हते. तिने ते सवयीने तपासून घेतलं, आणि तेव्हा कुठे तिला श्वास आला.

"हे यादवकाका," योगिनी सांगत होती, "इथे दुर्बिणी भाड्याने देतात. आधी ते फायनान्समध्ये होते. यांच्याच फोनला रेंज आहे, आमच्यापैकी कुणालाच नाही. मी कधीपासून लावतेय. तू कापतेस, मी पुन्हा लावते."

"मला वाटलं..."

"माहितीये काय वाटलं ते. बाबांचा नियम." ती थांबली. मागे मुलींचा कलकलाट ऐकू येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं. मग तिचा आवाज खाली आला, आणि त्यात पहिल्यांदाच भीती होती. सोळा वर्षांच्या पोरीची खरी, साधी भीती, जी ती आईपुढे कधी दाखवत नसे. "आई, एक विचारू? मी बरी होते म्हणून नऊ वेळा लावला. मी बरी नसते, आणि हे काका तुला सांगायला फोन करत असते, की तुमची मुलगी पडलीय, तिला काय द्यायचं... ते किती वेळा लावणार? एकदा. दोनदा. तू उचलला असतास?"

समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागे दुसरा. अंजलीने ते दोन्ही जाऊ दिले. खोटं बोलायला तिला भरपूर वेळ होता, आणि पोरीने ते मानलंही असतं.

"नसता उचलला गं," ती म्हणाली.