मच्चावरची पेरूला निघाली

सुप्रभा पेरूला जाणार हे कळल्यापासून चंद्रमतीच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

पेरू म्हणजे फळ नव्हे, देश. त्या फळाला तंजावरात कोय्या म्हणतात, त्यामुळे तो घोटाळा तिथे होत नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत दोघी जावा एकाच घरात राहत. थोरली चंद्रमती खाली आणि धाकटी सुप्रभा मच्चावर, म्हणजे वरच्या मजल्यावर. दोघींचे नवरे जाऊन वर्षं लोटली होती. चंद्रमतीने मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. अँडीजची अख्खी रांग ती फळ्यावर एका दमात काढायची. इंकांनी डोंगराच्या उतारावर पायऱ्या कापून शेती कशी केली हे सांगताना तिचा आवाजच बदलायचा. आणि सुप्रभा? लग्न होऊन आली तेव्हा भिंतीवरच्या नकाशात टिटिकाका सरोवर वाचून तिने विचारलं होतं, "अक्का, हे कोणाचे काका?"

ती बाई आता त्या काकांना भेटायला निघाली होती. गाडीने जवळचं पापनाशम गाव ओलांडलं की जिला मळमळतं, ती! दात आहेत तर चणे नाहीत असं म्हणतात. इथे ज्याला दात नाहीत त्याच्या पुढ्यात देवाने चण्यांची परात ठेवली होती.

बातमी आली ती सुप्रभेच्या मुलीकडून. जननी अमेरिकेत असते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र मोडकंतोडकं. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती ओरडलीच, "काकी, आम्ही पेरूस जातों! गाइड आहे, मच्चुपिच्चु आहे, जंगल बी आहे!"

आम्ही. चंद्रमतीच्या कानाने तेवढा एकच शब्द उचलला. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे. त्यालाही धरायचं असेल तर माणूस 'आपण' म्हणतो. तमिळमध्येसुद्धा 'नांगळ' वेगळं आणि 'नाम' वेगळं. एवढा फरक तंजावरात शेंबड्या पोराला कळतो. मायलेकी जाणार, काकी घर राखणार, असा त्याचा सरळ अर्थ.

"बरं हो, जाऊन या," चंद्रमती म्हणाली, आणि फोन सुप्रभेच्या हातात देऊन खाली उतरली. उतरताना तिच्या तोंडून निघालंच, "मच्चावरची मच्चुपिच्चूला चालली!"

तिला हेवा वाटत होता. मच्चुपिच्चु, इंकांचं ते डोंगरमाथ्यावरचं जुनं नगर, तो डोंगर तिचा होता. शाळेतल्या शेकडो मुलींना तिने तो दाखवला होता, आणि एकदा, फक्त एकदा, तो आपल्या डोळ्यांनी बघावा एवढंच तिचं मागणं होतं. कुणी 'चला' म्हटलं असतं तर ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली असती. पण आपण होऊन 'मला न्या' म्हणणं? थोरल्या जावेने? ते शक्यच नव्हतं.

त्यात सुप्रभा रोज दुपारी कॉफी घेऊन खाली यायची आणि जखमेवर मीठ चोळायची.

"अक्का, आधीं डोंगर करावें का जंगल?"

"तुझा गाइड सांगेल की."

"दोन पलंगाची खोली देतात म्हणे, अक्का."

"मग आलटून पालटून झोप दोन्हींवर."

दुसऱ्या दिवशी सुप्रभा पुन्हा आली. "अक्का, ऊटीस घेतलेला तुमचा स्वेटर आहे की? तेथ थंडी फार म्हणे."

चंद्रमतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहल हिची आणि स्वेटर माझा! "कसर लागली त्याला," ती म्हणाली. स्वेटर कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात घडी करून छान ठेवलेला होता.

मग एका दुपारी तिने एक डाव टाकला. सुप्रभा कॉफीबरोबर रक्तदाबाची गोळी घेत होती. चंद्रमतीने गोळीकडे बघितलं आणि शाळेतला आवाज काढला. "पेरूंतलें कुस्को गांव किती उंचावर आहे माहीत आहे का तुला? तेथ हवाच अर्धी. चालता चालता माणूस मटकन बसतें. छातींत पाणी होतें. जंगलांत तर डॉक्टर कोठचा?"

हवा अर्धी नसते, अर्ध्याहून पुष्कळच जास्त असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांना विचारून, आधी सखल भागात मुक्काम करून, हळूहळू चढणारी म्हातारी माणसं तिथे रोज जातात हेही ठाऊक होतं. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर तिने लाल रेघ मारली असती. पण सुप्रभेचा चेहरा उतरलेला बघून तिला हलकं वाटलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

दोन दिवस सुप्रभा खाली आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती रिकाम्या हाताने.

"सांगून टाकलें जननीस. मी येत नाहीं म्हणून."

"अगबाई! का?" चंद्रमतीने विचारलं. आवाजातला आनंद लपवताना तिला खोकला काढावा लागला.

"एकटीस भय वाटतें, अक्का. रात्रीं श्वास लागला तर कोणास उठवूं?"

"एकटी कशी? जननी आहे ना."

"ती तिच्या नवऱ्यासंगट वेगळ्या खोलींत. माझ्या खोलींत तुम्ही होतां. तुम्हांस तें सगळें पाठ, म्हणून जननीनेंच ठरवलें, काकी पाहिजेच. पण तुम्ही तर पहिल्याच दिवशीं 'जाऊन या' म्हणालांत. मी किती वेळां फिरवून विचारलें. खोली सांगितली, स्वेटर विचारला. तुम्ही थोरल्या, हात धरून ओढूं का?"

"पण ती 'आम्ही जातों' म्हणाली! आम्ही!"

सुप्रभा तिच्याकडे बघतच राहिली. "तिला 'आपण' येतें कोठ, अक्का?"

खरंच येत नव्हतं. मद्रासला शाळेच्या वसतिगृहात वाढलेली पोर सुट्टीत यायची, पानावर बसायची आणि म्हणायची, "काकी, चला, आम्ही जेवूं." त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायची ती चंद्रमतीच. "तुम्ही जेवा गे, मी उपाशी राहतें!" असं म्हणून तिनेच त्या पोरीला वर्षानुवर्षं चिडवलं होतं. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट तेवढी हेव्याच्या भरात तीच विसरली होती.

"फोन लाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता लाव. तिला सांग, आपण जाऊं. मी आहे तुझ्याजवळ, काही होत नाहीं. ती हवा अर्धी वगैरे... मी वाढवून सांगितलें."

"वाढवून? कां?"

चंद्रमतीने स्वतःच फोन घेतला आणि बटण दाबलं.

जननीचा चेहरा पडद्यावर आला. काकीचं बोलणं ऐकता ऐकता तो कसनुसा झाला. "अय्यो, काकी! तेथ वर जायला परमिट मोजकेंच देतात. अम्मा नको म्हणाली, तुम्ही तर आधींच नको म्हणालां. कालच त्या दोन जागा माझ्या सासू-सासऱ्यांस दिल्या. आतां कसें काढूं त्यांस?"

"नको, काढूं नको," चंद्रमती म्हणाली. शेजारी सुप्रभा पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्याकडे बघायची चंद्रमतीला हिंमत झाली नाही.

"रागावूं नका काकी," जननी हळूच म्हणाली. "आम्ही जातों."

या खेपेला तिचं मराठी अगदी बरोबर होतं.