ताईचं हिरवं वर्तुळ

जिन्यात माणसं, कठड्याला माणसं, वर हॉलमध्ये तर पाऊल ठेवायला जागा नाही. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. आता खुर्च्यांच्या रांगा होत्या, समोर जमिनीपर्यंत पांढरं कापड सोडलेलं टेबल, टेबलावर एक काळा डबा आणि भिंतीवर दाराएवढा स्क्रीन. स्क्रीनवर हिरव्या प्रकाशाची एक तिरकी रेघ उमटली होती, आणि दीडशे माणसं श्वास रोखून त्या रेघेकडे बघत होती.

खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसला होता. दोन्ही मुठींत पितळी नळ्या, नळ्यांच्या तारा डब्यात गेलेल्या. टेबलामागे आचार्य. त्यांचा उजवा हात हवेत होता आणि डावा टेबलाखाली.

"डावा हात भूमीकडे ठेवतात," शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली. "जादा झालेली शक्ती जमिनीत सोडावी लागते."

"पाहा," आचार्य म्हणाले, "यांच्या डाव्या प्राणलहरीने उजवीशी अबोला धरलाय. म्हणून गुडघे धरतात. नवराबायको बोलेनाशी झाली की घर कुरकुरतं, तसंच शरीराचं. आता आपण समेट घडवू."

रेघ हळूहळू फुगली. तिचं लांबट अंडं झालं, अंड्याचं गरगरीत वर्तुळ झालं. सगळ्या हॉलने एकदम सुस्कारा सोडला. पोस्टमन उठला, दोनदा खाली बसून उठला आणि डोळे पुसत आचार्यांच्या पाया पडला.

माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? या आचार्याशेजारी एकाच बाकावर बसून मी नऊ वर्षं काम केलं होतं. तेव्हा त्याला आम्ही चुळबुळ्या म्हणायचो.

ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघे टेस्टिंगला होतो. बाकावर एक जनरेटर असायचा. जनरेटर म्हटलं की लोकांना वीज गेल्यावर दारात धडधडणारं धूड आठवतं. हा तसा नव्हे. पुस्तकाएवढी पेटी, आवाज नाही की धूर नाही. सांगाल त्या आकाराची, सांगाल त्या वेगाची विजेची लाट ती तयार करते. आमच्या पेटीला दोन चॅनल होते, म्हणजे एका वेळी दोन लाटा. एक ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूत सोडायची, दुसरी उजव्या बाजूत, आणि पलीकडून काय बाहेर पडतं ते स्कोपच्या, म्हणजे लाटेचा आकार दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघायचं. डावीकडचं उजवीकडे झिरपत असेल तर लगेच कळतं.

कारखाना बंद पडला. मी जिन्याखालच्या गाळ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. चुळबुळ्या तीन वर्षं गायब झाला आणि परत आला तो पांढऱ्या गाडीतून, 'लहरविज्ञानाचार्य' होऊन. चौकाचौकात त्याचे हसरे फलक लागले. माझ्या दुकानात दिवसाला चार माणसं यायची, त्यातली तीन विचारायची, "आचार्यांचा हॉल कुठे हो?" मी बोट दाखवायचो आणि मनात त्याला शिव्या घालायचो. बाकावर याच्या चुका मी निस्तरल्या. साधं तारांचं सोल्डरिंग नीट जमायचं नाही. आणि आता लोक याच्या पाया पडतात, आणि माझ्याशी मिक्सरच्या पात्यावरून घासाघीस करतात.

हेही मी गिळलं असतं. पण ताई त्याच्याकडे जायला लागली.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताईने मला वाढवलं, शिवणयंत्रावर रात्रंदिवस पाय मारून शिकवलं. "माझा भाऊ इलेक्ट्रॉनिक्समधला आहे," असं ती माप घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायची. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. आणि गेले सहा आठवडे ती दर गुरुवारी आचार्यांकडे. परत येताना दुकानात डोकवायची आणि म्हणायची, "तो तुझ्याच बाकावरचा ना रे? बघ, कुठे पोचला."

एकदा, दोनदा, पाच वेळा म्हणाली. "एकदा येऊन तरी बघ," म्हणायची. मी म्हणायचो, "कामाचा ढीग पडलाय." ढीग कसला? दोन इस्त्र्या होत्या. ती गर्दी मला बघवली नसती, एवढंच.

सहाव्या गुरुवारी मात्र ती हट्टालाच पेटली. "आज माझं वर्तुळ पूर्ण होणार आहे. तू हवास." म्हणून मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो.

पोस्टमननंतर ताईची पाळी आली. तिने नळ्या हातात घेतल्या. स्क्रीनवर अंडं आलं, पण ते स्थिर राहीना. अंड्याची रेघ होई, रेघेचं पुन्हा अंडं, त्याचं वर्तुळ, पुन्हा रेघ. आपलं आपण लोळत होतं ते.

"प्राण जागा होतोय," आचार्य पुटपुटले. लोकांनी हात जोडले.

मी मात्र फस्सकन हसलो. दहा माना माझ्याकडे वळल्या. पण हसू नको तर काय करू? ही चुळबुळ्याची जुनी खोड. दोन चॅनलच्या लाटा एकाच वेगाच्या ठेवायच्या तर दोन्ही एकमेकींना बांधणारं बटण दाबावं लागतं. हा ते कायम विसरायचा. मग एक लाट किंचित पुढे पळायची आणि पडद्यावरचं चित्र असंच लोळत राहायचं. सुपरवायझर ओरडायचा, "अरे चुळबुळ्या, बांध त्यांना." आत्ताही त्याचा डावा खांदा जरासा हलला. भूमीकडे गेलेल्या हाताने काहीतरी दाबलं आणि चित्र जागच्या जागी थांबलं. मग हळूहळू वर्तुळ झालं.

"ताईंचं वर्तुळ पूर्ण," आचार्य म्हणाले. "आता सुई म्हणजे बाहेरची लाट. ती आत शिरली की वर्तुळ फुटेल. मोह सोडा."

टेबलासमोर एक टोपली होती. गोळ्यांच्या पाकिटांनी निम्मी भरलेली. ताईने पिशवीतून इन्शुलिनची सुईची पेनं काढली आणि त्या टोपलीत टाकली. टाळ्या पडल्या.

जिन्यातच मी तिला गाठलं. "ताई, सगळी बनवाबनवी आहे. टेबलाखाली जनरेटर आहे त्याच्या."

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "जळतोस तू त्याच्यावर."

ते खरं होतं. मी तिची पिशवी घेतली आणि तिच्यामागून जिना उतरलो.

घरी बायकोला सांगितलं, तर ती पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली, "एवढं सोपं होतं तर तुम्हाला का नाही सुचलं?" आमच्याकडे दिलासा असा मिळतो.

त्याच संध्याकाळी मी ताईला दुकानात बोलावलं. माझ्याकडे कारखान्याच्या लिलावातून घेतलेला तसाच जनरेटर आहे. पहिला चॅनल स्कोपला आडवा जोडला, दुसरा उभा. एक लाट ठिपक्याला डावी-उजवीकडे पळवते, दुसरी वर-खाली. दोन्ही बरोबरीने निघाल्या तर ठिपका तिरक्या रेघेवर धावतो. एक लाट पाव फेरी मागे ठेवली की तोच ठिपका गोल फिरतो. मधल्या सगळ्या जागांवर अंडं. एक नॉब फिरवला की रेघेचं वर्तुळ. मी तिला पाच वेळा करून दाखवलं.

"छान," ताई म्हणाली. "पण तुझ्या यंत्रात माणूस कुठे आहे? त्याच्या यंत्रात मी होते."

बोलणं बिनतोड होतं. मी वर्तुळ काढू शकतो, एवढंच सिद्ध झालं होतं. तो तसंच काढतो, हे कुठे झालं? ती उठली तेव्हा लंगडत होती. मी खाली बघितलं. डाव्या पायाच्या दोन बोटांवर काळपट जखम होती, आणि चपलेचा पट्टा तिने कापून सैल केला होता.

"हे काय? डॉक्टरकडे चल, आत्ताच्या आत्ता."

"आचार्य म्हणाले, जुनी घाण बाहेर पडते आधी," ती म्हणाली. "तू नको काळजी करू." आणि गेली. दुखणं तिला फारसं जाणवतही नव्हतं. साखरेने पायाची शुद्धच घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडताच मी पहिल्या रांगेत होतो. ताईला म्हटलं होतं, "मीपण उपचार घेतो, तू फक्त बरोबर चल." ती खूश होऊन आली होती.

आचार्याने मला ओळखलं. क्षणभर चपापला, मग तोंडभर हसला. "हे माझे जुने सहकारी. हुशार माणूस, पण नशिबाने साथ दिली नाही. या, बसा."

मी नळ्या धरल्या. स्क्रीनवर सरळसोट तिरकी रेघ आली. तिला थोडासुद्धा फुगवटा नव्हता.

"अरेरे," आचार्य म्हणाले. "अशी रेघ मी क्वचित बघतो. हा गुडघा नाही, यकृत नाही. हा मत्सर आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं यांना बघवत नाही."

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "यंत्र खोटं बोलत नाही." ताईने मान खाली घातली.

रात्रभर मी जी वाक्यं घोकली होती ती सगळी पुसली गेली. मग मी जे खरं होतं तेच बोललो.

"आचार्य बरोबर सांगतायत," मी म्हणालो. "मी जळतो यांच्यावर. यांची गाडी, हा हॉल, तुमची ही गर्दी, सगळ्यावर जळतो. माझ्या बहिणीने यांचं कौतुक केलं त्यावर सगळ्यात जास्त."

हसणारे पुढे वाकून ऐकायला लागले. आचार्यांनाही हे अपेक्षित नसावं.

"पण आमच्या बाकावर एक रीत होती," मी उठत म्हणालो. "मापावर शंका आली की ज्याचं माप घेतोय ती वस्तूच काढून घ्यायची. माप तरीही तसंच राहिलं, तर ते त्या वस्तूचं नव्हे." मी नळ्या लोखंडी खुर्चीवर ठेवल्या. रेघ तशीच होती. "बघा, ही खुर्चीही जळकी निघाली."

एक-दोघे हसले. आचार्य घाईने म्हणाले, "तुमच्या लहरीचा अंश अजून आसनावर आहे. तो विरायला घटकाभर लागते."

"तर मग हे बघा." मी दोन्ही तारा डब्यातून उपटल्या आणि हातात धरून सगळ्यांना दाखवल्या. डबा एकटा, त्यात कोणाचा प्राण नाही. स्क्रीनवर तीच रेघ, ठणठणीत.

"कापडाला हात लावू नका," आचार्य ओरडले. मी अजून लावला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मग पहिल्या रांगेतला तो पोस्टमनच पुढे झाला आणि त्याने कापड वर केलं.

खाली स्टुलावर तीच पुस्तकाएवढी पेटी होती. दोन चॅनल, दोन तारा, त्या टेबलाच्या पायावरून डब्याच्या मागच्या बाजूला गेलेल्या. डब्याचं झाकण काढलं, तर पितळी नळ्यांच्या तारा जिथे शिरत होत्या तिथे आत नुसती पोकळी. भूमीकडे जाणारा हात ज्या नॉबवर असायचा तो नॉब वापरून गुळगुळीत झाला होता.

"ताई, इकडे ये," मी म्हणालो. "तू फिरव."

ती लंगडत आली. नॉबला तिने दोन बोटांनी धरलं, शिवणयंत्राचा टाका बारीक करताना धरते तसं. रेघ फुगली. अंडं झालं. वर्तुळ झालं. तिने उलटं फिरवलं. वर्तुळ मिटून रेघ झाली. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. सहा गुरुवार तिने ज्याची वाट बघितली होती ते तिच्या चिमटीत होतं.

"माझी सुई द्या," ती आचार्याला म्हणाली. लोक टोपलीवर तुटून पडले, ज्याला त्याला आपापली पाकिटं हवी होती. चुळबुळ्या मागच्या दाराने कधी गेला ते कळलं नाही.

मी ताईला तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे डॉक्टरबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा ताई बोलली. सुई तिने काल नव्हे, पहिल्याच गुरुवारनंतर अर्ध्यावर आणली होती. आचार्यांनी सांगितलं होतं, हळूहळू सोडा. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

"महिनाभर आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताई पट्टीतल्या पायाकडे बघत होती. "तुला बघितल्या बघितल्या कळलं ना रे त्याचं?"

"कळलं."

"मग आधी का नाही आलास?"

"त्याची गर्दी बघवली नसती मला," मी म्हणालो. "जळत होतो, ताई."

तिने पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "त्याने मला फसवलं. तू मला सहा आठवडे वाट बघायला लावलीस." रागावून नाही, माप सांगावं तसं म्हणाली. तिच्या त्या वाक्याचं मी आजवर काही करू शकलेलो नाही.

म्हणून हे लिहितोय. भोंदू माणसाला भाबडी गर्दी लागते असं सगळे म्हणतात. त्याला आणखी एक गोष्ट लागते: ज्याला आतलं कळतं तो माणूस घरी बसलेला. कोणी रुसून बसतो, कोणी 'मला काय त्याचं' म्हणून, कोणी माझ्यासारखा जळून. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असं काही चाललं असेल आणि त्यातलं तुम्हाला थोडंसं जरी समजत असेल, तर आजच जा आणि सगळ्यांसमोर विचारा: कसं चालतं हे, उघडून दाखवा. जो दाखवणार नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसलेले असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी, एक सुई सोडू नका. 'हे खोटं आहे' असं सांगायला आलेला माणूस चांगला असेलच असं नाही. त्याचं म्हणणं तेवढं पडताळून घ्या.